तिकोनी खिडक्यांचं विमान

आमच्या घरात दोन पोळपाट आहेत. एक लाकडी, पोळ्यांचा. दुसरा संगमरवरी, विमानांचा. हा दुसरा खरं तर आमच्या आईचा आणि पोळ्यांसाठीच घेतलेला. पण माझ्या थोरल्या बहिणीने, कुंदाताईने, एके दिवशी त्याच्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं, "एवढं सपाट काही अख्ख्या अंधेरीत मिळायचं नाही" असं जाहीर केलं आणि तो पळवला. तेव्हापासून त्याच्यावर पॉलिश पेपर चिकटवलेला असतो आणि ती त्यावर पाणी शिंपडून प्लास्टिकची छोटी विमानं घासत बसते. मी भांडले, अबोला धरला आणि शेवटी जाऊन लाकडी पोळपाट विकत आणला. माझा राग असाच असतो, फार आवाज करतो आणि खर्च मलाच पडतो.

कुंदाताई म्हणजे डॉ. कुंदा टिपणीस, दातांची डॉक्टर. चार बंगल्याला तिचा दवाखाना होता. या भागातल्या दोन पिढ्यांनी तिच्यासमोर आ केलेला आहे. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. मी चेतना, शाळेत गणित शिकवायचे. यजमान गेल्यावर मी ताईकडे राहायला आले. तिला वाटतं मला आधार हवा होता, मला वाटतं तिला वेळेवर जेवायला घालणारं माणूस हवं होतं. दोघींचं बरं चाललंय.

हे विमानांचं वेड वाकोल्याचं. आमचं लहानपण तिथे गेलं. विमानं तिथे इतकी खालून जायची की बोलणारा मध्येच थांबायचा आणि विमान गेलं की उरलेलं वाक्य पुरं करायचा. वडील रागवायचे तेही असं तुकड्यातुकड्याने. "तुला किती वेळा सांगितलं," एवढं म्हणून ते हात वर करून थांबायचे, आणि विमान जाईपर्यंत काय सांगितलं होतं ते विसरायचे. ताई तेवढ्यात गच्चीवर पळालेली असायची. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ती विमानाचं नाव सांगायची. मी कानात बोटं घालायचे. पुढे तिला विमानांचं शिक्षण घ्यायचं होतं, पण मुलींनी विमानं कशाला, दात दुरुस्त करावेत असं वडिलांचं मत पडलं. हे मत त्यांनी कुठून आणलं देव जाणे.

दुकानात खोक्यात मिळतात ती विमानं तिला चालत नाहीत. "ती जोडायची असतात गं, करायची नसतात," म्हणते. तिला लागतात ती परदेशातल्या कुणा पेन्शनर गृहस्थांनी आपल्या गॅरेजमध्ये बनवलेली. प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची, की पत्रा साच्याला घट्ट बसून त्याचा आकार घेतो. याला व्हॅक्यूम-फॉर्म म्हणतात. पाकीट उघडलं की आत असा एक पांढरा पत्रा निघतो आणि त्यावर अर्धं अर्धं विमान उठलेलं असतं, पालथ्या घातलेल्या होड्यांसारखं. जोडीला रेझिनमध्ये, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या राळेत, केलेली इंजिनं आणि चाकं. बाकी दार कुठे, खिडकी कुठे, तुमचं तुम्ही बघा.

ताईला यात नवीन काहीच नव्हतं. दवाखान्यात दातांवर बसवायच्या पट्ट्या करायला तिच्याकडे असंच छोटं यंत्र होतं. दवाखाना बंद केला तेव्हा खुर्ची विकली आणि यंत्र घरी आलं. कानशी, चिमटे, आरसे, दात कोरायचं ड्रिल, सगळं आलं. पहिल्या विमानाच्या सांध्यांत तिने कवळीचं गुलाबी मटेरियल भरलं होतं. रंग लागेपर्यंत ते विमान हिरड्या दाखवून हसत होतं.

तर या ताईची आणि सगुणाची ही गोष्ट.

सगुणा वेसाव्याची. आमच्या सोसायटीच्या गेटाशी मासळी घेऊन बसते ती मी इथे यायच्या कितीतरी आधीपासून. सत्तरीला आलेली, पण पापलेटाचे तुकडे अजून एका फटक्यात. तिच्या तोंडातली कवळी ताईनेच बसवलेली आहे, त्यामुळे ताईला मासळी ताजी मिळते आणि मला वाटणासाठी दोन सल्ले फुकट. एरवी तिची हाक चौथ्या मजल्यावर ऐकू येते. त्या दिवशी बोंबील आणायला आम्ही दोघी खाली उतरलो तर सगुणा गप्प.

"काय झालं गं? कवळी टोचते का?" ताईने विचारलं. जगातल्या प्रत्येक दुःखाचं मूळ तिला दातात दिसतं.

"कवळी बरी हाय गो डाक्टरीणबाय. माणसा टोचतान."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा नातू दिपेश याचं लग्न ठरलं होतं. सुपारी फोडायला मुलीकडची माणसं आली, चहापाणी झालं, आणि दिपेशने त्यांना हसवायला आजीची गोष्ट सांगितली. गोष्ट अशी, की सगुणा सोळा-सतरा वर्षांची असताना कोळीवाड्यातल्या नाचाच्या मंडळातून दिल्लीला गेली होती. कुणी परदेशी पाहुणे अचानक यायचे ठरले, आगगाडीने पोचायला वेळ नव्हता, म्हणून सरकारने या पोरींना विमानाने नेलं. येताना मात्र आगगाडीत बसवून दिलं. बरोबरच्या सगळ्या आता देवाघरी गेल्या. फोटो नाही, काही नाही. आणि सगुणा सांगायची, की आम्ही विमानाच्या शेपटीखालच्या जिन्याने आत चढलो.

दिपेश विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. घरात विमानाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्याचा. आजी शेपटीखालून चढली म्हटल्यावर सगळे खो खो हसले, होणारी विहीणसुद्धा. "बैलगाडीत चढली असंल," असं कुणीतरी म्हणालं.

"हसूं दे गो," सगुणा बोंबलांवर पाणी मारत म्हणाली, "पन सूनबाय येनार घरान. तिच्यासमोर आजी खोटारडी."

ताईच्या हातातली पिशवी खाली गेली होती. "शेपटीच्या अगदी खालून? बाजूच्या दारातून नाही?"

"खालशी. पोटान शिरल्यावानी."

"आणि खिडकी? खिडकी कशी होती?"

सगुणाने ओल्या बोटाने पाटीच्या कडेवर आकार काढला. "तिकोनी. समोशावानी. ते पन सांगला, तं दिपेश बोलतो आजी तू भुकेली असशील."

"कॅरावेल!" ताई एवढ्या मोठ्याने ओरडली की वॉचमन खुर्चीतून उठला. "फ्रेंच विमान आहे ते! आपल्याकडे होती ती. वाकोल्यावरून जायची. तिकोनी खिडक्या, शेपटीखाली जिना! सगुणा, तू शंभर टक्के खरं बोलतेस!"

सगुणा तिच्याकडे बघतच राहिली. मला आठवतं, ती हसली वगैरे नाही. तिने फक्त दोन बोंबील जास्त टाकले.

आता सरळ मार्ग होता, आणि तो मी सुचवला. फोनवर त्या विमानाचा फोटो शोध आणि त्या पोराला दाखव, विषय संपला. दिपेश आजीची रिकामी पाटी न्यायला बाईकवरून आला तेव्हा ताईने दाखवलाही. पोरगा वाईट नाही. त्याने आदबीने फोन हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि परत दिला.

"डॉक्टर मॅडम, माझं रोजचं काम आहे ना हे. पुढून शिडी लागते, मागून शिडी लागते, दोन्ही बाजूला. शेपटीखालून कोण चढणार? आणि फोटोचं काय घेऊन बसलात? परवा माझ्या मित्राने मला चंद्रावर उभं केलंय. मागे वडापावची गाडी पण आहे. एआय यार, काय पण बनवतं."

ताईचा चेहरा लाल झाला. टिपणिसांचा राग आहे तो, माझ्याकडे जास्त आलाय, पण तिच्याकडेही आहे. "मग मी विमानच करून आणते," ती म्हणाली. "हाताने केलेलं. साखरपुड्याला, सगळ्यांच्या समोर."

दिपेश हसत "या ना मॅडम, नक्की या" म्हणून निघून गेला. सगुणा मात्र थांबली. "सगल्यांसमोर नुको म्हंजे," ती हळूच म्हणाली, "नाय जमला तर? आनखी हसतील गो. मंग मी त्या ईमानाचा नाव परत कंदी काढनार नाय."

"जमेल," ताई म्हणाली. ती "दुखणार नाही" म्हणायची त्याच आवाजात.

माळ्यावर कॅरावेलचं पाकीट होतं. ताई ते मुहूर्तासाठी राखून असल्यासारखी कितीतरी वर्षं ठेवून होती. परत मिळण्यातलं नव्हतं. ते बनवणारे फ्रान्समधले आजोबा आता हयात नाहीत. खिडक्यांचे पातळ कागद, जे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायचे असतात, ते पिवळे पडले होते. ताईने ते हॉलच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवले. उन्हाने पिवळेपणा उडतो म्हणे. चार दिवस आमच्या खिडकीतून वाळवणासारख्या तिकोनी खिडक्या दिसत होत्या आणि समोरच्या इमारतीतल्या बाई विचारत होत्या, कसली पूजा आहे.

मग घासणं सुरू झालं. पत्र्यावर उठलेल्या भागाच्या कडेने आधी पेन्सिलची रेघ मारायची, मग कापायचं, आणि मग कापलेली बाजू ओल्या पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवत त्या रेघेपर्यंत घासत आणायची. एक केसभर जास्त घासलं की विमान गोल न राहता लांबोडकं होतं. ताई घासायची, उजेडात धरायची, जिभेने "च्" करायची आणि परत घासायची. पांढरं पाणी ओघळून माझ्या ओट्यावर. एक इंजिन वाकडं निघालं, म्हणून ते गरम पाण्यात बुडवून सरळ केलं, माझ्या दुधाच्या पातेल्यात. मी त्या दिवशी चहा केला नाही. तिच्या लक्षात आलं नाही, हे जास्त लागलं.

कॅरावेलची इंजिनं मागे, शेपटीपाशी असतात. तेव्हा अर्धे भाग जोडण्याआधी नाकात वजन टाकावं लागतं, नाहीतर विमान मागे कलंडतं. या कामी सगुणाने जुन्या जाळ्याचे शिशाचे मणी आणून दिले होते. विसरायला नको म्हणून ताईने ते वाटीत घालून देव्हाऱ्यात ठेवले. आम्ही दोघींनी रोज त्यांना हळदकुंकू वाहिलं. आणि ती ते विसरली.

रविवारी सकाळी, सगळं झाल्यावर हे कळलं. सांधे भरून झालेले, रंग झालेला, खिडक्या एका ओळीत बसलेल्या, आणि ताईने मोठ्या थाटात ते हातभर लांबीचं विमान चाकांवर टेबलावर ठेवलं. विमानाने एक क्षण विचार केला आणि शेपटीवर बसलं. नाक वर छताकडे. दातांच्या खुर्चीत मागे रेलून आ करायच्या तयारीत असलेल्या पेशंटसारखं.

मला हसू आलं. खरं सांगते, मी पोट धरून हसले. मग ताईकडे पाहिलं. ती देव्हाऱ्याकडे बघत होती.

"साखरपुडा बुधवारी आहे," ती म्हणाली.

"स्टँडवर लाव. उडतंय असं दाखव."

"उडणारं विमान खोटं वाटतं गं. सगुणा जमिनीवरून चढली, तर विमान जमिनीवर उभं हवं." मग आवाज उतरला. "मी सगळ्यांसमोर आणते म्हटलंय, चेतना. आता मी कलंडलेलं विमान घेऊन गेले तर ते तिलाच हसतील. मला कोण हसणार, मी डॉक्टर."

हे खरं होतं. ताईची फजिती झाली तरी तिला सरबत मिळणार होतं. हसं व्हायचं ते सगुणाचं. आणि ती म्हणाली होती, मग मी त्या विमानाचं नाव काढणार नाही. माझा हसण्याचा सगळा आनंद गेला. मी चहा केला आणि दुधाच्या पातेल्याबद्दल काही बोलले नाही.

ताई चहा पीत विमान हातात फिरवत राहिली. रंग फोडून नाक उघडायचं तर सगळं परत पहिल्यापासून. तिने विमान उलटं धरलं, शेपटीच्या खालच्या बाजूवर नखाने टकटक केलं. तिथे तिने जिन्याच्या जागी एक चौकोनी रेघ फक्त कोरून ठेवली होती. किटमध्ये जिना नव्हताच, बंद दाखवायचा बेत होता. टकटक थांबली.

"रूट कॅनॉल," ती म्हणाली.

"काय?"

"वरून तोंड उघडायचं, आतपर्यंत जायचं, भरायचं, आणि वर कॅप बसवायची. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

मग तिने खरंच मास्क लावला. ड्रिलने त्या चौकोनी रेघेवर शेपटीखाली भोक पाडलं. मी टॉर्च धरला. माझी पदवी गणिताची असली तरी ती मला "सिस्टर, लाईट" म्हणत होती. विमान नाकावर उभं करून, भोकातून एकेक मणी आत सोडला. काही मणी मध्येच अडकले, ते तिने लांब सळईने पुढे ढकलले, आरशात बघत, ओठ चावत. वरून कवळीचं पातळ मटेरियल ओतलं, मणी जागच्या जागी बसावेत म्हणून. मी विचारलं, दुखत नाही ना त्याला. ती मास्कच्या आत हसली.

विमान सरळ उभं राहिलं. नाक खाली, तिन्ही चाकं टेबलावर. मात्र शेपटीखाली आता भोक होतं, आणि त्याला कॅप हवी होती. ताईने दातासाठी वापरतात त्या मेणात जिना कोरला. पायऱ्या, दोन्ही बाजूंचे कठडे, सगळं. दोन पायऱ्या तिसऱ्या प्रयत्नात जमल्या. मग त्याचा साचा केला, रेझिन ओतलं, घासलं, रंगवलं आणि भोकात उतरता बसवला. रेघ मारून भागवायचं ते राहिलंच. विमानाच्या पोटातून जिना खाली आला होता आणि तो सगळ्यात सुंदर दिसत होता. तसं मी बोलूनही दाखवलं. माझ्याकडून अशी वाक्यं वर्षातून एखाद वेळा मिळतात, त्यामुळे ताई खुर्चीत बसलीच.

बुधवारी आम्ही रिक्षाने वेसाव्याला निघालो. थर्मोकोलचा खोका ताईच्या मांडीवर, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ती "अहो हळू! हळू!" ओरडायची. शेवटी रिक्षावाल्याने विचारलं, "पेशंट आहे काय आत?" ताई म्हणाली, "हो. परवाच ऑपरेशन झालंय." तो बिचारा मग खरंच हळू गेला.

घर माणसांनी भरलेलं. दिपेश नवा शर्ट घालून घामाघूम, त्याची धाकटी बहीण कल्पिता सरबत फिरवतेय, मुलीकडचे लोक चटईवर. सगुणा दारातच होती, हिरवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आमच्या हातातला खोका तिला ओझ्यासारखा दिसत असावा. ताईने काही भाषण केलं नाही. मधल्या टीपॉयवरची पानसुपारी बाजूला सारली आणि विमान ठेवलं.

मग दिपेश पुढे आला. आधी उभ्याने बघितलं. मग गुडघ्यावर बसला. मग नव्या शर्टाची पर्वा न करता जमिनीवर पालथा झाला, आणि एक डोळा मिटून शेपटीखालून जिन्यातून आत बघायला लागला, अगदी रोज विमानाच्या पोटाखाली वाकणारा माणूस बघेल तसा.

"मॅडम," तो खालूनच म्हणाला, "हा जिना इथं असतो, म्हणजे इंजिनं वर, शिडीची गाडी लागतच नाय. गाडी न येता माणसं उतरतील. लई भारी डोकं लावलंय यार." आणि मग, हळू आवाजात, "आजी खरंच बोलत होती."

होणारी विहीण सरसावून पुढे झाली. "म्हणजे तुम्ही खरंच बसलेल्या ह्याच्यात? आई, आम्ही हसलो त्या दिवशी, राग मानू नका."

सगळे सगुणाकडे वळले. मला वाटलं आता ती दिपेशला चार शिव्या हासडणार. तेवढा तिचा हक्क होता. ती विमानाजवळ आली. तिने हात लावला नाही. फक्त त्या तिकोनी खिडक्यांवरून बोट हवेत फिरवत नेलं आणि मध्येच एकीजवळ थांबवलं.

"हिथं," ती म्हणाली. "माज्या बाजूला ईमानाचा पंख व्हता. सगलीकरं ढग, कापसावानी." मग ती ताईकडे वळली. "डाक्टरीणबाय, तू केलास म्हनून सांगतंय. इतकी वरसा सगले हसले ना गो, मंग मना पन वाटाया लागलेला, मी सपान बघितला आसंल. कोनाला नाय बोललू. पन मना पन खरा वाटत नव्हता."

ताईने तिला जवळ घेतलं. माझी बहीण कुणाला जवळ वगैरे घेत नाही. तिचा जन्म माणसांना हातभर अंतरावरून "आ करा" म्हणण्यात गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पन्नास वर्षं एक बाई खरं बोलत होती, आणि हसणाऱ्यांनी तिची आठवण तिच्याकडून जवळजवळ काढून घेतली होती.

दिपेश अजून जमिनीवरच होता. तो उठून बसला, कल्पिताला म्हणाला, "सरबत थांबव." मग आजीला हात धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या पायाशी, होणाऱ्या बायकोच्या शेजारी, मांडी घालून बसला.

"आजी," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांग. मी मध्ये नाय बोलणार."

सगुणाने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सांगायला लागली. कुणी हसलं नाही.